ठेवणीतले पितळ

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी एक लहानसे युद्ध सुरू होते. माळ्यावरची, फडताळातली, पलंगाखालच्या पेटीतली तांब्यापितळेची भांडी अंगणात उतरतात आणि चिंच, मीठ, राख, नारळाची शेंडी असा सारा दारूगोळा जमवून घरातली माणसे त्यांच्यावर तुटून पडतात. या युद्धात भाग घेतलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट पाहिलेली असते. पण तिचा विचार क्वचितच कोणी केलेला असतो. रोज चुलीवर चढणारे आणि रोज घासले जाणारे पातेले झिजते, पोचे पडून वेडेवाकडे होते. पण त्याचा धातू निरोगी असतो. उलट कार्यप्रसंगाखेरीज कधी न काढलेला, कापडात बांधून जपून ठेवलेला हंडा मात्र काळवंडलेला, हिरवे डाग पडलेला, कधी कधी तर चक्क चिरलेला निघतो. ज्याला सर्वांत जास्त जपले तोच सर्वांत जास्त बिघडलेला!

हे असे का व्हावे? ‘पाणी लागले असेल’ हे उत्तर जिभेवर तयार असते. पण ते टिकत नाही. रोजच्या कळशीला तर चोवीस तास पाणीच लागलेले असते. मग ‘हवा लागली असेल’ असे म्हणावे, तर हवा दोघांनाही सारखीच. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. त्यात बालपण कोकणातले आणि पुढचे आयुष्य घाटावरचे. त्यामुळे तांब्याचा एकच तांब्या दोन्हीकडे किती निराळा वागतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. समुद्रकाठच्या घरी आज घासलेला तांब्या आठवड्यात मलूल होई. घाटावर तोच उन्हाळाभर लखलखत राही. या साध्या कोड्याचा माग काढता काढता मी इतिहासाच्या अशा काही दालनांतून हिंडून आलो की, तिथे तांब्यापितळेची गाठ पडेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. त्या भटकंतीची ही हकीकत.

प्रथम एक समज दूर करू. गंजते ते लोखंड. तांबे, पितळ, जस्त, कथील, शिसे, चांदी हे धातू गंजत नाहीत असे आपण म्हणतो. शब्दापुरते ते खरे आहे, कारण तांबडा गंज हा लोखंडाचाच मक्ता. पण शास्त्रज्ञ ज्याला ‘संक्षारण’ म्हणतात, म्हणजे भोवतालच्या हवापाण्याने धातूचे हळूहळू खाल्ले जाणे, ते या लोहेतर धातूंनाही चुकलेले नाही. आपल्या बायकांना हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पितळेच्या भांड्यातले ताक कळकते हे सांगायला त्यांना प्रयोगशाळा लागली नाही. म्हणून तर भांड्याला कल्हई हवी. आणि ती कल्हई उडाली की ‘पितळ उघडे पडते’. त्या उघड्या पडलेल्या पितळेचे पुढे काय होते, हाच आजचा विषय आहे.

मौज अशी की, धातूचे हे खाल्ले जाणे माणसाने प्रथम आपत्ती म्हणून नव्हे, तर पीक म्हणून अभ्यासले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात जन्मलेला ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने दगडांवर एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. शिसे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून पांढरा सफेता कसा करावा आणि तांबे द्राक्षमद्याच्या गाळाशी ठेवून हिरवा जंगाल कसा मिळवावा, याची कृती त्यात आहे. दोन्ही रंग चित्रकारांना हवे असत. पुढे फ्रान्समधल्या माँपेलिए या गावी या जंगालाचा मोठा व्यापार झाला. अठराव्या शतकात तिथल्या घराघरांच्या तळघरांत तांब्याचे पत्रे आणि आंबलेला द्राक्षांचा चोथा मातीच्या भांड्यांत थरावर थर देऊन रचलेला असे. हे काम मुख्यतः बायकाच करीत. आपल्याकडची गृहिणी जसा दह्याचा विरजणाचा अंदाज घेते, तसाच त्या तळघरातली ऊब आणि ओल यांचा अंदाज घेत. तळघर फार गार पडले की जंगाल धरत नसे. फार कोरडे झाले तरी नसे.

डच लोकांनी सफेता करण्याची जी रीत बसवली होती, ती तर याहून नामी. मातीच्या कुंड्यांच्या तळाशी व्हिनेगर, त्यावर शिशाची वेटोळी, आणि अशा शेकडो कुंड्यांच्या भोवती व वर घोड्याच्या लिदीचा जाड थर! खोली बंद करायची आणि सुमारे तीन महिन्यांनी उघडायची. लीद कुजताना ऊब देई आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडी. उबेने व्हिनेगरची वाफ होई. या ऊबदार, दमट, आंबट हवेत करड्या शिशाचा पांढराशुभ्र सफेता बनून जाई. विसाव्या शतकात टायटॅनियमचे निर्विष पांढरे रंग येईपर्यंत जगातली कितीतरी दारेखिडक्या या विषारी पिकाने रंगवली गेली.

वाचकहो, या कृतीतली चार माणसे नीट ओळखून ठेवा. पुढच्या सगळ्या नाटकात तीच वेष पालटून येणार आहेत. एक ऊब, दुसरी ओल, तिसरा हवेत मिसळलेला एखादा लहानसा तिखट किंवा आंबट सोबती, आणि चौथी बंद जागा. डच कारागिराने ही चौकडी हौसेने एकत्र आणली. इंग्रजांच्या फौजेने ती हिंदुस्थानात अजाणता आणली.

*

बंदुकीच्या काडतुसाचे आणि हिंदुस्थानचे नाते १८५७ पासून साऱ्या जगाला माहीत आहे. ते चरबीचे काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दाताने फाडायचे आणि दारू नळीत ओतायची. पुढे दहा वर्षांच्या आतच बंदूक बदलली. १८६६ साली ब्रिटिश सैन्याने मागून ठासायची स्नायडर बंदूक स्वीकारली, आणि तिच्यासाठी बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्याने पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे काडतूस तयार केले. काही वर्षांनी ती गुंडाळीही गेली आणि पितळेच्या एकाच चकतीपासून दाबून, ओढून काढलेली अखंड नळकांडी आली. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे हे पितळ मऊ असते, लोण्यासारखे ओढले जाते आणि ओढता ओढता कणखर होते. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला तो १८६९ सालचा. कागद जाऊन पितळ आले. आता ओलीची भीती संपली, असेच तेव्हा कोणालाही वाटले असते.

पण झाले भलतेच. पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत. तेवढ्या काळापुरता दारूगोळा छपराखाली, कोरड्यात ठेवायचा. आणि छावणीत मजबूत छपराची मोठी जागा म्हणजे घोड्यांच्या पागा. चार महिन्यांनी आभाळ निवळले, पेट्या उघडल्या, तो कितीतरी काडतुसांना बारीक उभ्या चिरा! गोळी बसवण्यासाठी काडतुसाचे तोंड जिथे आवळलेले असते, नेमके तिथेच तडे अधिक. पितळ कुठे झिजलेले नाही, त्याची जाडी कमी झालेली नाही, वरून पाहावे तर डागही फारसा नाही; पण काचेसारखे तडकलेले.

फुटके काडतूस ही काही मोडीत घालून विसरून जायची वस्तू नव्हे. बार उडतो त्या क्षणी पितळेचे नळकांडे फुगून बंदुकीच्या भिंतीला घट्ट बसायचे असते. मागे वायू येऊ नये म्हणून तेच बूच. ते फुटलेले असेल तर तापलेला वायू मागे, शिपायाच्या तोंडाकडे येतो, किंवा काडतूस आत अडकून बंदूक ऐन वेळी मुकी होते. शत्रूने न झाडलेल्या गोळीने मरण्याची ही सोय होती.

या विकाराला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे हंगामी तडकणे, असे नाव पडले. लाकूड मुरताना जसे भेगाळते तशा या चिरा दिसत, म्हणून ते नाव आले असे काही जण म्हणतात. पावसाळ्याच्या हंगामावरून आले असे इतर सांगतात. नाव कसेही पडो, कारण मात्र लवकर उमगले नाही. कोणी पितळेला दोष दिला, कोणी कामाला. अखेर १९२१ साली वुलिच येथील शस्त्रागाराच्या संशोधन विभागातल्या मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी आपला विस्तृत निबंध लंडनच्या धातुविज्ञान संस्थेपुढे मांडला आणि कोडे सुटले.

त्यांचे उत्तर आपल्या चौकडीशी ताडून पाहा. पागेत घोडे होते. घोड्यांच्या मुतातला युरिया जंतूंमुळे कुजून त्याचा अमोनिया होतो आणि उबेत ही क्रिया वेगाने चालते. पागेतला तो डोळ्यांना झोंबणारा दर्प त्याचाच. अमोनियाला तांब्याची विलक्षण ओढ असते. पाणी आणि हवा सोबत असली की तो तांब्याला निळसर द्रावणात ओढून घेतो. पावसाळ्यातल्या दमट हवेने पितळेवर पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे पातळ अस्तर चढले, त्यात अमोनिया विरघळला आणि त्याने पितळ पोखरायला सुरुवात केली. ऊब, ओल, तिखट सोबती आणि बंद जागा. हॉलंडमध्ये घोड्याने सफेता पिकवला, हिंदुस्थानात त्याच घोड्याने काडतुसे फोडली!

पण एवढ्यानेच पितळ तडकत नाही. नुसते डागाळले असते. या नाटकात आता एक पाचवे पात्र येते आणि ते पितळेच्या पोटात असते. ओढून, दाबून आकार दिलेल्या धातूच्या अंगात ताण शिल्लक राहतो. बाहेरून वस्तू शांत दिसते; आत मात्र एक थर दुसऱ्याला ओढीत असतो. काडतुसाचे आवळलेले तोंड म्हणजे असा दडपलेला ताणच. अमोनियाने कणांच्या सांध्यांवर जरासे पोखरले की तो ताण तिथेच फाडायला लागतो. फाटले की आत नवा कोरा पृष्ठभाग उघडा पडतो, अमोनिया पुढे सरकतो. ताण एकटा असता तर काडतूस वर्षानुवर्षे अभंग राहिले असते. अमोनिया एकटा असता तर वरवरचा डाग पडला असता. दोघे भेटले आणि भेट घडवून आणली ती दमट हवेने.

रोग कळला तसे औषधही सापडले, आणि ते पाहून आपला तांबट गालातल्या गालात हसला असता. काडतुसे तीनशे अंश सेल्सिअसच्या आतबाहेर काही वेळ तापवायची. एवढ्या मंद तावाने पितळाचा कणखरपणा जात नाही, पण पोटातला ताण सैल पडतो. ताण उरला आहे की नाही हे पाहण्याची परीक्षाही होती: नमुना पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणात बुडवायचा, ताण असेल तर पितळ थोड्याच वेळात तडकून कबुली देते. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन पाहिले तर दिसेल की, ठोकून ठोकून ताठरलेला तांब्याचा पत्रा कारागीर पुन्हा भट्टीत धरतो, मऊ करतो आणि मगच पुढे ठोकतो. त्याला अंतर्गत ताण हा शब्द माहीत नसेल. पण धातू ‘ऐकत नाही’ कधी आणि ‘ऐकतो’ कधी, हे त्याच्या हाताला माहीत असते.

आता माळ्यावरच्या हंड्याकडे पाहा. ठोकून आकार दिलेल्या, काठ वळवलेल्या पितळेच्या भांड्यातही असा ताण असू शकतो. ज्या घरात माळ्याखालीच गोठा असे, तिथे ठेवणीतला हंडा काठाशी तडकला तर आजीबाई म्हणत, ‘कोणी आपटला बाई!’ कितीतरी नाहक बोलणी घरातल्या सुनांनी आणि मुलांनी खाल्ली असतील. गुन्हेगार मात्र खाली दावणीला बांधलेला असे आणि शांतपणे रवंथ करीत असे.

*

वुलिचच्या त्या संशोधकांचे काम चालू होते, त्याच सुमारास लंडनमध्येच ठेवणीचा दुसरा एक फटका बसला. पहिल्या महायुद्धात जर्मन विमाने लंडनवर बाँब टाकू लागली, तेव्हा ब्रिटिश म्यूझियमने १९१८ साली आपल्या संग्रहातल्या अनमोल वस्तू जमिनीखाली हलवल्या. टपालखात्याच्या भुयारी रेल्वेचे बोगदे तेव्हा खणून तयार होते, पण गाड्या सुरू झाल्या नव्हत्या. बाँबपासून याहून सुरक्षित जागा कोणती? युद्ध संपल्यावर पेट्या वर आणल्या, आणि उघडताच लक्षात आले की बाँबपासून वाचलेल्या वस्तूंना ओलीने गाठले होते. कागदावर बुरशी, लोखंडावर गंज आणि जुन्या काशाच्या मूर्तींवर फिकट हिरव्या भुकटीचे फोड.

ही भुकटी म्हणजे काशाचा रोगच. फ्रेंच रसायनज्ञ बर्तलो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे मर्म उलगडले होते. जमिनीत पुरलेल्या तांब्याकाशाच्या वस्तूत मातीतल्या मिठाचा अंश शिरतो आणि धातूला चिकटून तांब्याचा एक क्लोराइड क्षार आत दडून बसतो. वरचा थर शाबूत आणि हवा कोरडी आहे तोवर तो निजलेला असतो. दमट हवा लागली की तो जागा होतो, हिरवी भुकटी होऊन बाहेर पडतो आणि जाताना आणखी धातू खायची सोय करून ठेवतो. एकदा सुरू झाले की हे चक्र आपणहून थांबत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवली, तरच हा रोग निजतो.

ब्रिटिश म्यूझियमने या आपत्तीनंतर अलेक्झांडर स्कॉट या रसायनज्ञाला पाचारण केले आणि १९२० साली तिथे प्रयोगशाळा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हा धडा विसरला गेला नव्हता. विल्टशरमधली वेस्टवुडची दगडाची खाण निवडली, तेव्हा तिथली हवा यंत्राने नियंत्रित करूनच वस्तू आत ठेवल्या. आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४०च्या दशकात रोमन घडणीची पॉसिडॉनची काशाची मूर्ती मिळाली. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार अपूर्व शिल्पे निघाली. दायमाबादची शिल्पे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. इतका काळ जमिनीच्या पोटात काढलेल्या अशा वस्तूची खरी परीक्षा ती उजेडात येते त्या दिवसापासून सुरू होते. मातीशी तिने तडजोड केलेली असते. आपल्या हवेशी अजून व्हायची असते.

*

एव्हाना एक प्रश्न उभा राहतो. हवा दमट म्हणजे किती दमट? ‘ओल वाईट’ एवढे तर कोणीही सांगेल. याचे मोजून उत्तर देण्याचा मान डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या इंग्रज शास्त्रज्ञाचा. ब्रिटनमधल्या लोहेतर धातूंच्या संशोधन संघाने हवेतल्या क्षरणाचा शोध घेण्यासाठी समिती नेमली होती. तिच्यासाठी व्हर्नन यांनी १९२०च्या दशकात धातूचे तुकडे महिनोन् महिने हवेत टांगून, तराजूत पुन्हा पुन्हा तोलून पाहिले. नंतर १९३१ साली त्यांनी तांब्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बंद पात्रात हवा हवी तितकी दमट करायची आणि तिच्यात गंधक जळल्याने होणारा सल्फर डायऑक्साइड वायू हवा तितका मिसळायचा, अशी त्यांची रीत.

निष्कर्ष आश्चर्याचा होता. स्वच्छ हवा कितीही दमट केली, तरी तांबे जवळजवळ जसेच्या तसे. गंधकी वायू मिसळला पण हवा कोरडी ठेवली, तरीही फारसे काही नाही. पण वायू असताना दमटपणा वाढवत नेला, तर त्रेसष्ट टक्क्यांच्या आसपास एक उंबरठा येतो. त्याच्या अलीकडे शांतता. तो ओलांडला की क्षरण एकदम झेपावते. ओल हळूहळू वाढली म्हणून नुकसान हळूहळू वाढते असे नाही. धातूच्या दारात एक उंबरठा असतो आणि त्याच्या आत पाय पडला की पाहुणा घरचा होतो. निकेल, जस्त यांचेही असेच उंबरठे निघाले, प्रत्येकाचा थोडा निराळा.

व्हर्नन यांचे आणखी दोन शोध सांगितल्यावाचून राहवत नाही. युरोपातल्या जुन्या देवळांच्या तांब्याच्या छपरांवर सुंदर हिरवा थर चढलेला असतो. पाठ्यपुस्तके त्याला तांब्याचा कार्बोनेट म्हणत आली होती. व्हर्नन आणि त्यांचे सहकारी व्हिटबी यांनी १९३०च्या सुमारास खरोखरच ते थर खरवडून तपासले, तर बहुतेक ठिकाणी तो सल्फेट निघाला, म्हणजे शहरांच्या धुरातल्या गंधकाची करणी. समुद्रकाठी त्यात मिठातल्या क्लोराइडाचा वाटा. दुसरा शोध याहून घरगुती आहे. लोखंडाचे दोन तुकडे त्यांनी एकाच खोलीत ठेवले. एक उघडा, एक मलमलीच्या पिंजऱ्यात. उघडा गंजला, मलमलीतला जवळजवळ तसाच राहिला. ओल तर मलमलीतून सहज आत जात होती. अडली ती फक्त धूळ! धुळीचा कण ओल धरून बसतो आणि आपल्याखाली धातू खातो.

*

आता राहिले उष्णतामान. उबेने रासायनिक क्रिया वेग घेते, दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, हे शाळेत शिकवतात. त्या हिशेबाने वैशाखातले विदर्भ हे तांब्यापितळेचे स्मशान व्हायला हवे. तसे होत नाही, कारण तीच उष्णता ओल पळवून लावते. उष्णता आणि ओल ही जोडी सासू-सुनेसारखी आहे. एकीचा विचार दुसरीला सोडून करताच येत नाही.

एक हिशेब मांडतो. दुपारी ३० अंशांना हवेचा दमटपणा ६० टक्के आहे; तांब्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे, म्हणजे सुरक्षित. ही हवा पेटीत कोंडून झाकण लावा. रात्री पेटी २२ अंशांपर्यंत निवली, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता त्याच हवेचा दमटपणा ९५ टक्क्यांच्या वर जातो. आणखी एखादा अंश उतरला की दवबिंदू गाठला जातो आणि धातूला घाम फुटतो. पावसाळ्यात थंड पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून पाझरताना आपण पाहतोच. बंद पेटीत तेच घडते, फक्त पाहायला कोणी नसते. सकाळी पेटी पुन्हा तापते, घाम वाळतो, विरघळलेले क्षार मागे राहतात. रात्री पुन्हा तेच. म्हणून धातूचा वैरी नुसता उन्हाळा नव्हे, नुसता पावसाळाही नव्हे. वैरी ते चढणे-उतरणे आणि त्यात धातू जितके तास ओला राहतो ते तास. १९९२ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात हाच हिशेब आला: उष्णतामान शून्याच्या वर आणि दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असे वर्षातले तास किती, ते मोजा. रत्नागिरी-मुंबईकडे पावसाळ्यात असे तास दिवसेंदिवस सलग चालतात. माझ्या कोकणातल्या तांब्याचे कोडे मला इथे उलगडले. समुद्राने मीठ दिले, पावसाने तास दिले.

आणि बंद जागेचा दोष? त्यासाठी कोणत्याही लोखंडी सामानाच्या दुकानाच्या मागच्या अंगणात जावे. जस्त चढवलेले पत्रे छपरावर कितीतरी पावसाळे काढतात. पाऊस पडतो, वाहून जातो, ऊन पडते, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जस्तावर घट्ट संरक्षक थर बसतो. तेच कोरे पत्रे एकावर एक चवड रचून ओलीत ठेवले, तर एका पावसाळ्यात त्यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरते. पाणी दोन पत्र्यांत अडकते, हवा पुरेशी पोचत नाही, संरक्षक थर बसत नाही आणि जस्त नुसते खाल्ले जाते. पत्रा पावसात टिकतो आणि कोठारात सडतो!

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर आता पुरते हाती आले आहे. धातू वापराने झिजतो, पण ठेवण्याने बिघडतो. रोजच्या कळशीला पाणी लागते, पण ते वाहते. तिला धूळ बसते, पण ती घासली जाते. तिच्यावर डाग पडतो, पण मुरायच्या आत निघतो. ठेवणीतल्या हंड्याला मात्र कोंडलेली हवा, रात्रीचा घाम, न पुसलेली धूळ आणि कसला तरी वास यांची चार-चार वर्षे सोबत. काडतुसे, मूर्ती, पत्रे आणि हंडा, चौघांचीही गत एकच. चौघांनाही सुरक्षित म्हणून बंद केले होते.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत स्टेनलेस स्टीलने आपली स्वयंपाकघरे जिंकली. ते सोयीचे होते, तक्रार नाही. पण त्या लोंढ्यात तांब्यापितळेची भांडी आधी फडताळातून माळ्यावर गेली आणि मग माळ्यावरून मोडीत. मोडीत काढताना ‘खराबच झाली होती हो’ हे वाक्य हमखास कानी येते. खराब झाली ती म्हातारपणाने नव्हे. आपण ज्या हवेत कोंडली त्या हवेने. आणि बहुतेकदा ती खराबी वरच्या केसभर थरापुरतीच असते. कल्हईवाला नवसागर टाकून पांढरा धूर काढतो आणि भांड्याच्या पोटात चंद्र उगवतो. तो नवसागर अमोनियाच्याच कुळातला बरे! ज्या कुळाने काडतुसे फोडली तेच इथे पितळेची मळी काढते. निसर्गात सज्जन-दुर्जन नसतात. जागा आणि वेळ असते.

म्हणून ज्यांच्या घरी अजून एखादे घंगाळ, एखादी समई, एखादा बंब उरला असेल त्यांना माझे चार शब्द. भांडे घासल्यावर चिंच-मीठ पूर्ण धुऊन काढा. राहिलेले मीठ उंबरठा खाली आणते. उन्हात तापवून अगदी कोरडे करा. लोकरीत गुंडाळू नका, रबर बांधू नका. दोहोंत गंधक असतो आणि चांदी तर त्याने काळीठिक्कर पडते. सुती कापड पुरे. पावसाळा उलटला की पेटीला वारा दाखवा. आणि सर्वांत चांगले म्हणजे, ठेवू नका, वापरा. तेवढे जमले तर माळ्यावर चढायचे काम पुढच्या पिढीला पडणार नाही, आणि मोडवाल्याच्या तराजूत आजीचे नाव कोरलेले भांडे पाहण्याची पाळीही येणार नाही.